प्रकल्प नोंदी : आवृत्ती बदलतेय, चावडीला कळवायचंय

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

वही पुन्हा उघडली. मागच्या आवृत्तीबदलाच्या वेळी नोंदी ठेवल्या नव्हत्या. "तेव्हा लोकांना आपण काय कळवलं होतं?" या प्रश्नाला आज तिघांनी तीन उत्तरं दिली. चौथं उत्तर चावडीच्या जुन्या चर्चांत सापडलं: काहीच कळवलं नव्हतं. रात्रीत बदल केला आणि सकाळपासून तक्रारींना उत्तरं देत बसलो होतो.

आमचा विकी लहान. मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो आणि शब्द सगळे मराठी विकिपीडियाकडून उचललेले: चर्चेची जागा ती चावडी, सरावाचं पान धूळपाटी, बॉट म्हणजे सांगकाम्या. सध्या आवृत्ती १.३९, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेली. मीडियाविकीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते, पण तीन वर्षं दुरुस्त्या मिळतात त्या ठरावीक आवृत्त्यांनाच. १.३९ ची मुदत या वर्षअखेरीस संपते. पुढची तशी आवृत्ती १.४३; ती डिसेंबर २०२४ मध्ये आली, डिसेंबर २०२७ पर्यंत पुरेल. तेव्हा जायचं की नाही हा प्रश्नच नाही. कधी जायचं आणि सांगायचं कसं, एवढंच उरतं.

सर्व्हर दादा बघतो. त्याने ३० नोव्हेंबरचा रविवार धरलाय. त्याआधी पीएचपी (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४ वरून किमान ८.१ वर न्यायची आहे. वाटणी झाली: यंत्र त्याच्याकडे, माणसं माझ्याकडे. "तुझं काय, एक सूचना टाकायची," म्हणाला. हे मुद्दाम लिहून ठेवतेय.

रात्री पहिला मसुदा लिहिला. तो असा:

"आपला विकी मीडियाविकी १.३९ वरून १.४३ या आवृत्तीवर अद्यायावत करण्यात येत आहे. यात दुवे साठवणाऱ्या सारणीची पुनर्रचना, शीर्षकांच्या एचटीएमएल रचनेतील बदल आणि कालबाह्य जावास्क्रिप्ट मॉड्यूलांची गच्छंती यांचा समावेश आहे. सदस्यांनी नोंद घ्यावी."

वाचून स्वतःवरच खूश झाले. 'गच्छंती' तर फारच आवडलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

मसुदा बाईंना पाठवला होता. बाई निवृत्त शिक्षिका, आमच्याकडे सर्वांत जास्त संपादनं त्यांची. साचे (अनेक पानांत वापरायचे तयार तुकडे), कोड वगैरेंच्या वाटेला जात नाहीत. शुद्धलेखन, तारखा, दुवे. रोज सकाळी दोन तास. दुपारी फोन आला.

"अगं, 'नोंद घ्यावी' म्हणजे मी नेमकं काय करावं?"

मी म्हटलं, "बाई, काही नाही. तुम्हाला फक्त कळावं म्हणून."

"काय कळावं? माझं कुठलं बटण हलणार आहे का? कुठल्या दिवशी मी लिहायला बसायचं नाही? एवढंच सांग की. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मला यावर काही बोलता आलं नाही, म्हणून विषय बदलायला गेले आणि त्यातूनच एक जुनी गोष्ट निघाली. ती सविस्तर लिहायला हवी.

जुन्या मीडियाविकीत संपादन सारांशाला, म्हणजे काय बदललं ते सांगणाऱ्या छोट्या टिपेला, २५५ बाइटची मर्यादा होती. इंग्रजी लिहिणाऱ्याला २५५ बाइट म्हणजे २५५ अक्षरं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, त्यामुळे आपल्या वाट्याला ८५ चिन्हं. तीही काना, मात्रा, हलंत असं सगळं सुटं मोजून. 'स्त्री' दिसायला एक अक्षर. आतून सहा चिन्हं, १८ बाइट. नुसतं 'स्त्री' 'स्त्री' लिहीत गेलं तर चौदाव्या वेळी जागा संपायची. म्हणून जुन्या मराठी संपादकांच्या सारांशात इतकी लघुरूपं दिसतात. २०१८ च्या सुमारास मीडियाविकीने सारांश साठवण्याची सारणी वेगळी केली आणि मर्यादा थेट ५०० चिन्हांवर गेली. इंग्रजीवाल्यांचं दुपटीवर भागलं. आपल्याला जवळजवळ सहापट जागा मिळाली.

आमच्याकडे हा बदल आला तेव्हा कोणी कोणाला सांगितलं नाही. तांत्रिक टिपणात 'टिप्पणी साठवणुकीचं स्थलांतर' असं काहीसं होतं, ते वाचून कोण कशाला थांबेल? बाई आजही सारांशात 'शुद्धले. दु.' एवढंच लिहितात. का, ते आज विचारलं. म्हणाल्या, "जास्त लिहिलं की कापलं जायचं ना." मी मर्यादेचं सांगितलं. जरा वेळ शांतता. मग: "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच काटकसर केली?"

मसुदा पुसला.

८ नोव्हेंबर, शनिवार

दादाने चाचणीची प्रत उभी केली. पूर्ण विकीची नक्कल, त्यावर १.४३. आता 'काय काय मोडतं' हे प्रत्यक्ष बघता येतं. दिवसभर तेच केलं.

बहुतेक गोष्टी चालतात. मोडतं ते आम्हीच वर चढवलेलं: गॅझेटं (सदस्यांनी लिहिलेल्या छोट्या जोडसोयी) आणि साच्यांची सजावट.

सगळ्यात मोठा घोळ शीर्षकांचा. आतापर्यंत पानातल्या प्रत्येक शीर्षकाचा मजकूर एका स्पॅनमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या एका छोट्या टॅगमध्ये, गुंडाळलेला असायचा. त्या स्पॅनला 'एमडब्ल्यू-हेडलाइन' हा वर्ग, आणि शेजारचा 'संपादन' हा दुवाही शीर्षकाच्या टॅगच्या पोटातच. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला त्यामुळे शीर्षकांची यादी 'इतिहास संपादन', 'भूगोल संपादन' अशी ऐकू यायची. नव्या रचनेत मजकूर थेट शीर्षकाच्या टॅगमध्ये बसतो, 'संपादन' बाहेर जातं आणि दोघांभोवती एक नवा डिव्ह, म्हणजे चौकटीसारखा टॅग, येतो. बदल रास्तच आहे. पण आमचं 'विभागाचा दुवा' नावाचं गॅझेट, जे शीर्षकाशेजारी छोटी साखळी दाखवतं, ते 'एमडब्ल्यू-हेडलाइन' शोधत फिरतं आणि काहीच न सापडल्यामुळे गप्प बसतं. चूक दाखवत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. साखळी फक्त नाहीशी होते.

हे गॅझेट लिहिणारा सदस्य कधीचा येईनासा झालाय. त्याच्या चर्चापानावर निरोप ठेवला, उत्तराची आशा नाही. वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला: गॅझेट, कोणी लिहिलं, कोण वापरतं, चालतं का. 'कोणी लिहिलं'च्या रकान्यात अर्ध्या ठिकाणी 'आता नाहीत' लिहावं लागलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

शब्दांवरून आज तास गेला, आणि तो वाया गेला असं वाटत नाही.

मीडियाविकीचं मराठी रूप ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी केलेलं आहे, आणि त्यात काही शब्द फार गोड आहेत. ब्राउझर म्हणजे 'न्याहाळक'. कॅशे म्हणजे 'सय'. 'न्याहाळकाची सय रिकामी करा' हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा एखाद्या ओवीतली ओळ वाटली होती. पण नव्या सदस्याला हे कळतं का? दादा म्हणतो, सरळ 'ब्राउझर' आणि 'कॅशे' लिही. मी म्हणते, आपल्या पडद्यावर जो शब्द दिसतो तोच सूचनेत हवा, नाहीतर माणूस शोधत बसतो. 'स्किन'चं, म्हणजे पानाच्या बाह्यरूपाचं, तेच. पसंतींच्या पानावर 'त्वचा' लिहिलंय. सूचनेत 'स्किन' लिहिलं तर पसंतींमध्ये सापडणार नाही, आणि नुसतं 'नवी त्वचा येत आहे' लिहिलं तर लोक हसतील.

शेवटी असं ठरलं: बटणावर, टॅबवर, पसंतींत जो शब्द आहे तो जसाच्या तसा अवतरणचिन्हांत. बाकी ठिकाणी बोलतो तसं. कॅशेबद्दल तर शब्दच टाळायचा: "पान विस्कटलेलं दिसलं तर कंट्रोल धरून एफ-५ दाबा, तरीही तसंच दिसलं तर पाच मिनिटांनी पुन्हा बघा." पाच मिनिटं उगाच नाहीत. स्क्रिप्टांची यादी न्याहाळकाकडे तेवढा वेळ जुनीच राहू शकते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वेळ. आमच्या सह्यांवर यूटीसी वेळ उमटते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. मागे एकदा कोणीतरी 'रात्री ११ वाजता' एवढंच लिहिलं होतं आणि निम्म्या लोकांनी सहीतल्या घड्याळाशी मेळ घालत पहाटे साडेचार धरले होते. या वेळी दोन्ही लिहायच्या, भारतीय आधी.

किती वेळ बंद राहणार यावर दादा आणि मी अडलो. तो म्हणतो, चाचणीत पाऊण तास लागला, तेवढंच सांग. मला विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाची पद्धत बरी वाटते. त्यांची दोन मुख्य डेटा केंद्रं आहेत, एक व्हर्जिनियात आणि एक टेक्ससमध्ये. वर्षातून दोनदा सगळी वाहतूक एकीकडून दुसरीकडे वळवतात, गरज पडली तर जमतंय ना हे बघायला. पहिल्यांदा हे एप्रिल २०१६ मध्ये केलं. त्या वेळात विकिपीडिया फक्त वाचता येतो. सूचनेत 'एक तासापर्यंत' असं लिहितात आणि प्रत्यक्षात काही मिनिटांत काम उरकतं. लवकर उघडल्याची तक्रार कोणी करत नाही.

आम्ही 'तीन तासांपर्यंत' लिहितोय. दादाला ते अपमानास्पद वाटलं. वाटू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सूचना गेली. चावडीवर, पानांच्या माथ्यावरच्या पट्टीत, आणि गेल्या तीन महिन्यांत संपादन केलेल्या प्रत्येकाच्या चर्चापानावर सांगकाम्याकरवी. माथ्यावरची पट्टी लोक मिटवून टाकतात, चावडी ठरावीक दहा-बारा जणच वाचतात, पण आपल्या चर्चापानावरचा निरोप बहुतेक जण उघडतात. अंतिम मजकूर:

"रविवार, ३० नोव्हेंबर रोजी रात्री ११ पासून (भारतीय वेळ, सहीतल्या घड्याळात संध्याकाळचे ५:३०) तीन तासांपर्यंत विकी फक्त वाचता येईल. त्या वेळी काही लिहीत असाल तर 'प्रकाशित करा' दाबण्याआधी मजकूर कॉपी करून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला काय वेगळं दिसेल: शीर्षकाशेजारची साखळी काही दिवस दिसणार नाही. 'संपादन' हा दुवा तिथेच असेल. फार जुन्या न्याहाळकात काही बटणं दिसणार नाहीत, वाचता-लिहिता मात्र येईल. हवा असेल तर 'पसंती'मध्ये गडद रंगाचा पर्याय मिळेल. तुम्ही निवडला नाही तर काही बदलणार नाही.

काय बदलणार नाही: तुमचं खातं, पानांचा इतिहास, निरीक्षणसूची.

काही मोडलेलं दिसलं तर चावडीवर याच विभागात लिहा. कोणत्या पानावर, काय करत होतात, काय दिसलं, एवढं पुरे."

आतल्या सारण्या, पीएचपी वगैरे सगळं वेगळ्या पानावर. ज्याला हवं तो दुवा दाबून बघेल. बाईंना आधी दाखवलं होतं. "आता कळलं," एवढंच म्हणाल्या. माझ्या हिशेबी हे प्रशस्तिपत्रकच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शरमेची नोंद.

चर्चापानांवरच्या निरोपाला मी फिकट पिवळी चौकट केली होती. चौकट उघडणारा डिव्ह आहे, मिटवणारा नाही. चावडीवर ते दिसलं नाही, कारण तिथे मजकूर मी चौकटीविना टाकला होता. सांगकाम्याने साठ-सत्तर पानांवर निरोप नेला आणि प्रत्येक पानावर त्या निरोपाखाली जे जे कोणी लिहिलं ते सगळं पिवळ्या चौकटीत गेलं. एका सदस्याने सकाळी विचारलं, "मी नवीन लेखाबद्दल प्रश्न विचारला तर तो तुमच्या सूचनेचा भाग कसा झाला?"

दुपारी सांगकाम्यालाच पुन्हा फिरवून प्रत्येक ठिकाणी चौकट मिटवली. त्यातही चूक झाली. सांगकाम्याने 'छोटा बदल' अशी खूण करून संपादन केलं तर चर्चापानाच्या मालकाला नव्या संदेशाची खबर जात नाही. ती सोय त्यासाठीच आहे. खूण करायची राहिली. सगळ्यांना पुन्हा घंटी. "आता काय बदललं?" असे चार जणांनी विचारलं.

काही मोडलेलं दिसलं तर कळवा असं सांगणाऱ्या निरोपानेच पहिलं काय मोडलं असेल तर लोकांची चर्चापानं. दादा दोन तास हसत होता. यापुढे निरोप आधी धूळपाटीवर टाकायचा, त्याखाली खोटं उत्तर लिहायचं, मग पाठवायचा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निरोपाखाली उत्तरं कमी का, याचं कोडं आज सुटलं. सही सांगकाम्याची होती. चार टिल्डे (~~~~, सहीची खूण) ज्याने जतन केले त्याची सही उमटते, आणि जतन त्याने केलं होतं. लोकांनी सहीवर टिचकी मारली, थेट त्याच्या चर्चापानावर गेले आणि तिथे लिहिलं. चार दिवसांची नऊ पत्रं तिथे पडून होती. एकाने 'सांगकाम्यादादा, कळवल्याबद्दल आभार' असं लिहिलंय. दुसऱ्याने त्याला तीन प्रश्न विचारून दोन दिवसांनी 'उत्तर न देणं बरं नव्हे' असंही सुनावलंय.

सगळ्यांना आज उत्तरं दिली, माफी मागून. सांगकाम्याच्या पानावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं: हा माणूस नाही, इथे लिहिलेलं कोणी वाचत नाही, चावडीवर या.

प्रश्नांतले दोन चांगले होते. एकाने विचारलं, की विकिपीडियावर आता खातं नसलेल्यांचा आयपी पत्ता न दिसता टिल्ड्याने सुरू होणारं, वर्ष आणि आकड्यांचं तात्पुरतं नाव दिसतं, ते इथेही येणार का? या बदलात नाही. तिथे ते नाव न्याहाळकातल्या कुकीवर टिकतं, ९० दिवस, आणि उपद्रव करणाऱ्याचा माग काढायला गस्तीवाल्यांना वेगळे अधिकार द्यावे लागतात. आमच्याकडे गस्त घालणारे तिघे. आधी ते तिघे काय म्हणतात ते बघायला हवं. दुसरा प्रश्न जुन्या संगणकाचा होता: "माझं यंत्र फार जुनं आहे, मी बाद होणार का?" नाही. जावास्क्रिप्ट चाललीच नाही तरी मीडियाविकीत साधी संपादनचौकट उघडते आणि जतनही होतं. हे वाक्य मूळ सूचनेत याहून ठळकपणे यायला हवं होतं. ज्याला भीती वाटते तो अर्धं वाक्य वाचूनच थांबतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

चावडी तापली, पण माझ्या अपेक्षेच्या ठिकाणी नाही. आवृत्तीबद्दल कोणाला काही नाही. वाद त्वचेचा.

एका उत्साही सदस्याने सुचवलं की एवीतेवी बदलतोच आहोत तर 'व्हेक्टर २०२२' ही नवी त्वचा सगळ्यांना लावून टाकू. इंग्रजी विकिपीडियाने १८ जानेवारी २०२३ ला लावलीच ना. त्यावर जुन्यांपैकी एकाने लिहिलं, "मग मी निघालो." तीन शब्द. त्याखाली चाळीसेक उत्तरं.

नवी त्वचा वाईट नाही. विषयसूची बाजूला सतत दिसते, लांबच लांब ओळी आटोपशीर होतात. पण रुंद पडद्यावर दोन्हीकडे मोकळी जागा राहते, आणि मोठे तक्ते असलेल्या पानांवर काम करणाऱ्याला ती डोळ्यांत खुपते. इंग्रजीतही सगळ्यात मोठी ओरड याचीच झाली; रुंदी वाढवायचं बटण आहे, पण ते आधी सापडायला हवं.

मी दोन जुन्या गोष्टी चावडीवर मांडल्या. जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर व्हिज्युअल एडिटर (पान जसं दिसतं तसंच त्यात लिहू देणारा संपादक) सगळ्यांसाठी चालू केला. तो पुरता पिकला नव्हता, संपादकांनी आरडाओरडा केला, आणि सप्टेंबरात तो पुन्हा 'हवा असेल त्याने घ्यावा' असा झाला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, जर्मन विकिपीडियावर चित्रं दाखवण्याच्या नव्या सोयीवरून ताणलं गेलं. तिथल्या प्रचालकांनी ती बंद करायचा कोड लिहिला, तर विकिमीडिया फाउंडेशनने ते पान प्रचालकांनाही उघडता येणार नाही असं कुलूप घातलं. 'सुपरप्रोटेक्ट' म्हणायचे त्याला. ते कुलूप नोव्हेंबर २०१५ मध्ये काढलं, पण त्याची कडवट चव अजून गेलेली नाही. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर पुढे सुधारलं. व्हिज्युअल एडिटर तर आज आमचे निम्मे नवे सदस्य वापरतात. घाई केली नसती तर भांडणाची वेळच आली नसती, असं माझं मत.

हे सगळं लिहिलं म्हणून वाद थांबला असं नाही. थांबला तो बाईंच्या एका ओळीने: "नवी त्वचा ज्याला हवी त्याने 'पसंती'त जाऊन घ्यावी, ३० तारखेचं काम ३० तारखेला होऊ द्यावं." निघालेले सदस्य निघाले नाहीत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

साखळीचं गॅझेट दादाने रात्री जागून दुरुस्त केलं. म्हणजे सूचनेतलं 'साखळी काही दिवस दिसणार नाही' आता खोटं. बदलू की नको? बदललं नाही. सांगितल्यापेक्षा बरं निघालं तर लोक माफ करतात.

गडद रंगात माहितीचौकटी तपासल्या. एका साच्यात पार्श्वभूमी पांढरी सांगितलीय आणि अक्षरांचा रंग सांगायचा राहिलाय. उजेडात ते कधी लक्षात आलं नाही, कारण अक्षरं मुळात काळीच. गडद पर्याय निवडला की अक्षरं फिकट होतात, पार्श्वभूमी साच्याने पांढरी धरून ठेवलेली, आणि चौकट कोरी दिसते. पन्नासेक साच्यांत हेच. पार्श्वभूमीचा रंग सांगितला तर अक्षरांचाही सांगा, असं साचे लिहिणाऱ्या चौघांना वेगळं कळवलं. सगळ्यांना कळवण्यासारखं हे नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

२३:००. कुलूप लागलं. संपादन करायला गेलं की दिसणारा मजकूर मी लिहिला होता: "देखभाल चालू आहे, रात्री २ पर्यंत. तुमचं लिहिलेलं खालच्या चौकटीत आहे. कॉपी करून ठेवा."

२३:१०. बॅकअप पूर्ण. दादाने तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिला, मग पुढे गेला. मला हे फार आवडलं, पण बोलले नाही.

२३:२५. अद्ययावत करणारी स्क्रिप्ट सुरू. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ. दुव्यांच्या सारणीपाशी थांबली. चाचणीतही इथेच थांबली होती.

००:२०. अजून तिथेच. दादा म्हणतो काम चाललंय. मी म्हणते एकदा खात्री कर. तो म्हणतो खात्री करायला थांबवावं लागेल. चहा.

००:५५. पुढे सरकली. चाचणीच्या प्रतीत जुने हटवलेले दुवे नव्हते, खऱ्यात होते, म्हणून वेळ.

०१:२०. उघडलं. पहिलं संपादन माझं, धूळपाटीवर, 'चालतंय का' एवढंच. दुसरं एका सदस्याचं, एका मिनिटात. बहुधा बटण दाबत बसलेला होता.

पाऊण तासाचे दोन तास वीस मिनिटं झाली. दादा 'तीन तासांपर्यंत'बद्दल काही बोलला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

तक्रारी सात. पाच जणांचं एफ-५ ने भागलं. एकाच्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये जुना कोड होता, दोन ओळी बदलून दिल्या. सातवी तक्रार: "साखळी दिसणार नाही म्हणाला होता, ती दिसतेय. काही चुकलंय का?"

५ डिसेंबर, शुक्रवार

एक सदस्य आज सुट्टीवरून परतला आणि चावडीवर विचारतो, "विकी कधी बंद राहणार आहे?" त्याच्या चर्चापानावर दोन निरोप, दोन्ही उघडलेले. त्याला चिडून उत्तर देणार होते. मग पाहिलं, माथ्यावरची पट्टी अजून तशीच आहे, 'रविवारी रात्री ११ पासून'. कुठला रविवार हे पट्टीत नव्हतं. जागा कमी म्हणून तारीख मीच काढली होती. पट्टी उतरवली. गॅझेटांच्या तक्त्यात 'आता नाहीत' असे अजून सात उरलेत. त्यांतले दोन दादाने घेतलेत, एक मी. बाकीचे कोणी वापरतं का ते आधी बघायचंय.

८ डिसेंबर, सोमवार

अलीकडील बदल चाळताना दिसलं. मीडियाविकीच्या आतल्या बदलांचं पान, तेच ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही म्हणून मी सगळा अवघड मजकूर तिथे कोंबला होता, आज सकाळी संपादित झालंय. पहिल्या मसुद्यातली वाक्यं मी तिथे तशीच उचलून टाकली होती, चुकीसकट. फरक एका शब्दाचा: 'अद्यायावत'चं 'अद्ययावत'. संपादन सारांश असा:

"'अद्ययावत' या शब्दात काना एकच आणि तो 'व'च्या आधीच्या 'य'ला, 'द्य'ला नाही. अद्य म्हणजे आज आणि यावत् म्हणजे पर्यंत, तेव्हा 'आजपर्यंतचे' असा अर्थ. हीच चूक या पानावर तीन ठिकाणी होती, तिन्ही सुधारल्या. 'गच्छंती' हा शब्द इथे तितकासा बरा वाटत नाही, पण तो मी बदललेला नाही. लिहिणाऱ्या मुलीने विचार करावा. जागा अजून बरीच शिल्लक दिसते."